केनायच्या खाड्यांतील एक दिवस

बोटीचा प्रवास कोकणच्या आणि गोव्याच्या माणसाला नवा नाही. एके काळी मुंबईच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीपर्यंत जात, आणि बोट लागलेल्या उतारूंच्या हालांच्या कथा घरोघर ऐकू येत. त्या प्रवासाला मुक्कामाचे ठिकाण असे; माणसे कोठे तरी पोचण्यासाठी बोटीत बसत. सकाळी सोडलेल्या धक्क्यालाच संध्याकाळी परत यायचे आणि मधल्या वेळात पाण्यातले व कड्यांवरचे प्राणी नुसते डोळे भरून पाहायचे, एवढ्याचसाठी केलेला प्रवास ही मात्र अलीकडची गोष्ट आहे. जगाच्या अनेक किनाऱ्यांवर अशा फेऱ्या आज निघतात. त्यांपैकी एका फेरीची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती आहे अमेरिकेच्या अगदी वायव्येकडील अलास्का राज्यातली.

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर केनाय नावाचे द्वीपकल्प आहे. त्याच्या पूर्व अंगाला एका लांबट उपसागराच्या टोकाशी स्यूअर्ड हे लहानसे गाव वसलेले आहे. 1867 साली ज्या परराष्ट्रमंत्र्याने रशियाकडून अलास्काचा सारा मुलूख 72 लाख डॉलरना विकत घेतला, त्या विल्यम स्यूअर्डचे नाव या गावाला मिळाले. उपसागराचे नाव त्याहून जुने. रशियन फर-व्यापाऱ्यांचा म्होरक्या अलेक्झांडर बारानोव्ह हा ईस्टरच्या सणाच्या सुमारास वादळातून निसटून येथे आश्रयाला आला, म्हणून त्याने याला पुनरुत्थानाचा उपसागर म्हटले. इंग्रजीत तो 'रिझरेक्शन बे' झाला.

या गावाने स्वतःही एकदा मरण पाहिले आहे. 27 मार्च 1964 रोजी अलास्कात 9.2 प्रतीचा भूकंप झाला. त्यात स्यूअर्डच्या धक्क्यांची सारी बाजू समुद्रात घसरली, किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि मागोमाग आलेल्या लाटांनी उरलेसुरले धुऊन नेले. ज्या बंदरातून आज फेरीच्या बोटी सुटतात, ते त्यानंतर नव्या जागी बांधलेले आहे.

मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत या फेऱ्यांचा मुख्य हंगाम असतो. लहान फेरी सहा तासांची, मोठी आठ-साडेआठ तासांची. जून महिन्यात येथे दिवस सुमारे एकोणीस तासांचा असतो, तेव्हा उजेडाची वाण नसते. परंतु भर उन्हाळ्यातही उतारूंना लोकरीचे कपडे, कानटोपी आणि हातमोजे जवळ बाळगावे लागतात. गळ्यात दुर्बीण लटकावलेली ही मंडळी बोटीत चढतात, नांगर उठतो, आणि बोट अजून बंदराच्या तोंडाशी असते तोच पहिला प्राणी दिसतो. पाण्यावर उताणा पडून, पुढचे दोन पाय छातीवर घेऊन, आल्यागेल्याकडे निर्विकारपणे पाहणारे ते सागरी पाणमांजर असते.

आपल्याकडच्या नद्यांत आणि खाड्यांत पाणमांजरे आहेत. हा त्यांचाच समुद्रात राहणारा थोरला भाऊबंद. तो छातीवर दगड ठेवतो आणि त्यावर शिंपले आपटून फोडतो. देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली जाड चरबीचा थर असतो. तसला थर याला नाही. बर्फाळ पाण्यात ऊब टिकवण्यासाठी त्याच्याजवळ एकच साधन आहे, ते म्हणजे त्याची लव. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस, इतकी ती दाट असते. अंगातली आग तेवती ठेवण्यासाठी त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाइतके खावे लागते.

ज्या लवेने त्याला तारले, तिनेच त्याचा घातही केला. 1741 साली व्हिटस बेरिंग याच्या रशियन मोहिमेबरोबर गेओर्ग स्टेलर नावाचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलास्काच्या भूमीवर उतरला. परतीच्या वाटेवर मोहिमेचे जहाज एका ओसाड बेटाला लागून फुटले. बेरिंग तेथेच मरण पावला. जे वाचले त्यांनी सागरी पाणमांजरांचे मांस खाऊन हिवाळा काढला आणि त्यांची कातडी बरोबर नेली. त्या कातड्यांना बाजारात आलेला भाव पाहून फर-व्यापाऱ्यांची रीघ लागली. शिकार करविली गेली ती येथल्या मूळ रहिवाशांकडून. पिढ्यान्‌पिढ्या याच समुद्रावर जगत आलेल्या अल्युत आणि सुगपियाक लोकांना सक्तीने कातडी नावांत बसवून महिनोन्‌महिने शिकारीवर धाडण्यात आले. व्यापाऱ्यांच्या पूर्वी उत्तर पॅसिफिक महासागरात दीड ते तीन लाख सागरी पाणमांजरे असावीत असा अंदाज आहे. 1911 साली अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून ही शिकार थांबविली, तेव्हा हजार-दोन हजार शिल्लक होती. बंदराच्या तोंडाशी उताणे पडलेले ते पाणमांजर त्या मूठभरांचा वंशज आहे.

बोट उपसागराच्या मध्यावर येते. दोन्ही बाजूंना देवदाराच्या जातीच्या झाडांनी भरलेले डोंगर सरळ पाण्यात उतरलेले असतात. ही भूमी हिमनद्यांनी कोरलेली आहे. जमिनीवर साचलेले बर्फ स्वतःच्या भाराने हळूहळू खाली सरकते, वाटेत खडक खरवडून खोल दऱ्या पाडते. पुढे बर्फ मागे हटले की त्या दऱ्यांत समुद्र शिरतो. अशा खाड्यांना 'फ्योर्ड' म्हणतात. येथल्या खाड्यांच्या माथ्यावर हार्डिंग नावाचे हिमक्षेत्र पसरले आहे. ते आणि त्याच्या भोवतालचा किनारा मिळून 1980 साली 'केनाय फ्योर्ड्‌स' हे राष्ट्रीय उद्यान झाले.

उपसागर संपून उघडा समुद्र लागला की बोट हेलकावे खाऊ लागते, आणि कोकणच्या आगबोटीत जे होत असे तेच येथेही होते. काही उतारू कठड्याला धरून उभे राहतात, काही आत जाऊन डोळे मिटून बसतात. इतक्यात कप्तानाची हाक कर्ण्यातून येते आणि आजारी माणसेही उठून बाहेर धावतात. दूरवर पाण्यातून वाफेसारखा फवारा उडालेला असतो. हंपबॅक जातीचा देवमासा श्वास घेण्यासाठी वर आला आहे. काळी पाठ दिसते, ती वाकते, आणि शेवटी रुंद शेपूट पाण्याबाहेर उभी राहून सावकाश खाली जाते. यांतील पुष्कळ देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात. तेथे ते वितात, पण जवळजवळ उपाशी असतात. उन्हाळ्यात हजारो मैल पोहून ते पोट भरण्यासाठी या थंड पाण्यात येतात. उत्तर पॅसिफिकमधील त्यांच्या शिकारीवर 1966 साली बंदी आली, त्या वेळी तेथे ते जेमतेम दीड हजाराच्या आसपास उरले होते. पुढील चाळीस वर्षांत त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली.

देवमासा दिसताच कप्तान बोटीचा वेग कमी करतो. अलास्कातील नियमाप्रमाणे हंपबॅक देवमाशाच्या शंभर यार्डांच्या आत बोट नेता येत नाही, आणि त्याच्या वाटेत जाऊन थांबून राहण्यासही मनाई आहे. हा नियम 2001 पासून लागू आहे. एखादा उतारू अंमळ पुढे नेण्याची विनंती करतो. कप्तान मान हलवतो, एवढेच. पुष्कळदा तो देवमासाच आपणहून जवळ येतो. तो यावा की न यावा हे त्याच्या मर्जीवर सोडावे लागते.

यानंतर लागतात चिसवेल बेटे. समुद्रातून सुळक्यांसारखे वर आलेले हे खडक सागरी पक्ष्यांचे मोठे वसतिस्थान आहे. कड्यांच्या कपारींतून किलबिलाट उठत असतो आणि वाऱ्याबरोबर विष्ठेचा उग्र दर्प बोटीवर येतो. सर्वांची नजर शोधते ती पफिन या पक्ष्याला. काळेपांढरे ठेंगणे शरीर, नारिंगी पाय आणि रंगविल्यासारखी भली मोठी चोच, असा हा पक्षी. येथे त्याच्या दोन जाती आहेत. एकीच्या डोक्यावर पिवळसर तुरे असतात, ती मातीत बीळ खणून राहते. दुसरी खडकांच्या भेगांत राहते. वर्षाकाठी मादी एकच अंडे घालते. पाण्याखाली पंख मारीत तो मासा धरतो तेव्हा मोठा चपळ दिसतो. परंतु पोटभर खाल्ल्यावर हवेत उठताना त्याची फार तारांबळ उडते, आणि बोटीवर पहिल्यांदा हशा पिकतो तो येथे.

त्याच कड्यांवर गिलेमॉट नावाचे पक्षी दाटीवाटीने उभे असतात. घरटे म्हणून काही नाही. उघड्या खडकाच्या अरुंद पट्टीवर अंडे ठेवलेले असते. 2014 पासून 2016 पर्यंत ईशान्य पॅसिफिकचे पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ तापले. या पक्ष्यांना लागणारे लहान मासे त्यामुळे दुर्मिळ झाले आणि हिवाळ्यात त्यांची उपाशी प्रेते अलास्काच्या किनाऱ्यावर ढिगांनी येऊन पडली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की, त्या आपत्तीत अलास्कातील सुमारे चाळीस लाख गिलेमॉट, म्हणजे तेथील एकूण संख्येच्या जवळजवळ निम्मे, नाहीसे झाले. कड्यावरच्या मोकळ्या पट्ट्या नवख्या उतारूच्या लक्षात येत नाहीत. त्या ओळखण्यासाठी पूर्वी भरलेला कडा पाहिलेला असावा लागतो.

बेटांच्या पायथ्याशी सपाट खडकांवर स्टेलर समुद्रसिंह पहुडलेले असतात. 1741 च्या मोहिमेतील त्याच शास्त्रज्ञाचे नाव यांना मिळाले आहे. नर एक टनापर्यंत भरतो. मादी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. एकमेकांच्या अंगावर लोळत त्यांचे गुरगुरणे अखंड चाललेले असते. 1970 नंतरच्या काही दशकांत अलास्काच्या या पश्चिम भागातील समुद्रसिंहांची संख्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटली; 1990 साली त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि 1997 साली पश्चिमेकडील समुद्रसिंह नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांत गणले गेले. बोट अशा जागी राहते की एकाही समुद्रसिंहाने मान वर करून पाण्याकडे धाव घेऊ नये. कारण अशी धावपळ उडाली की मोठ्यांच्या पायाखाली पिल्ले चेंगरतात.

दुपारच्या सुमारास बोट एका खाडीत वळते आणि हवा एकदम गार होते. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगू लागतात व ते बोटीच्या बाजूला लागून खडखडतात. समोर होलगेट हिमनदी थेट समुद्रात उतरलेली असते. दुरून पांढरी दिसणारी ती भिंत जवळून निळी असते. बोट अर्ध्या मैलाच्या आसपास थांबते, कप्तान यंत्र बंद करतो आणि इतका वेळ बोलणारी माणसे आपोआप गप्प होतात. मग भिंतीचा एक तुकडा सुटून खाली येताना दिसतो. आवाज मात्र नाही. दोन-अडीच सेकंदांनी मेघगर्जनेसारखा गडगडाट कानी येतो आणि थोड्याच वेळात त्या लाटेने बोट हलू लागते. तरंगत्या बर्फावर सीलांच्या माद्या आपली पिल्ले घेऊन पडलेल्या असतात. या किनाऱ्यावरच्या बहुतेक हिमनद्या शतकभरात मागे हटल्या आहेत, काही तर कित्येक मैल. ज्या हिमनदीचे मुख पाण्यातून उठून खडकावर गेले, तिच्यासमोर सीलांना हे तरंगते पाळणे मिळत नाहीत.

परतीच्या वाटेवर, उन्हे कलू लागलेली असताना, कधी कधी ऑर्का दिसतात. ज्यांना खलाशी 'किलर व्हेल' म्हणतात तेच हे काळेपांढरे प्राणी. नराच्या पाठीवरचा कल्ला पुरुषभर उंच असतो. या पाण्यात त्यांच्या निरनिराळ्या जमाती आहेत. एक केवळ मासे खाते, दुसरी सील आणि समुद्रसिंह खाते. दोघींचे आवाज वेगळे, चालीरीती वेगळ्या, आणि परस्परांत सोयरीक नाही. मासे खाणाऱ्या जमातीत मुले जन्मभर आईच्या कळपात राहतात. शास्त्रज्ञ कल्ल्यांच्या छायाचित्रांवरून प्रत्येक प्राणी ओळखतात, त्यामुळे कोण जन्मले आणि कोण गेले याची नोंद राहते.

त्या नोंदींत 1989 हे साल काळे आहे. 24 मार्च रोजी मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असता 'एक्सॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज येथून पूर्वेस असलेल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात ब्लाय नावाच्या खडकावर चढले. सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले आणि वारा व प्रवाह यांबरोबर नैऋत्येकडे वाहत केनायच्या याच खाड्यांपर्यंत येऊन पोचले. अंदाजे अडीच लाख सागरी पक्षी आणि अठ्ठावीसशे सागरी पाणमांजरे मेली. ज्याची सारी ऊब लवेत आहे, त्याची लव तेलाने चिकटली की तो गारठून मरतो. अंग चाटून साफ करू लागला तर विष पोटात जाते. स्यूअर्ड येथे पाणमांजरांसाठी उपचारकेंद्र उघडण्यात आले. एकेका प्राण्याला साबणाने तासन्‌तास धुवून काढावे लागे, आणि तरीही कित्येक दगावले.

या अपघातानंतर पुष्कळ गोष्टी घडल्या. 1990 साली अमेरिकेने कायदा करून तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ व दुहेरी बाजू असण्याची सक्ती केली. 1991 च्या तडजोडीत कंपनीने 90 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्या निधीचा काही भाग स्यूअर्डच्या सागरी संशोधनकेंद्राच्या उभारणीला लागला आणि ते 1998 साली सुरू झाले. मधल्या काळात खाड्या धुऊन निघाल्या, पक्षी परतले. पाणमांजरांची संख्या पूर्वपदावर आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले तेव्हा 2014 साल उजाडले होते. त्याला पंचवीस वर्षे लागली.

ऑर्कांच्या एका कळपाची गोष्ट मात्र निराळी आहे. शास्त्रज्ञ त्याला 'एटी-वन' या खुणेने ओळखतात. सील खाऊन राहणारा हा कळप केनायच्या खाड्या आणि प्रिन्स विल्यम साउंड यांतच वावरतो; त्याची बोली दुसऱ्या कोणत्याही कळपात आढळत नाही. तेल सांडण्यापूर्वी त्यात बावीस प्राणी होते. अपघातानंतर लवकरच त्यांतील नऊ दिसेनासे झाले. पुढे एकेक करीत आणखी गेले, आणि सात उरल्याची नोंद झाली. 1984 नंतर त्या कळपात एकही पिल्लू जन्मल्याची नोंद नाही. ज्या माद्या राहिल्या त्यांचे विण्याचे वय उलटले आहे. त्यांना शिकारीचे भय नाही, कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे, खाद्यही आहे. पण हा कळप आता वाढणार नाही. अखेरचा प्राणी गेला की त्याची बोलीही त्याच्याबरोबर जाईल.

एखाद्या संध्याकाळी त्या कळपातले दोन-तीन कल्ले बोटीपासून दूर पाण्यावर दिसतात. कप्तान यंत्राचा वेग उतरवतो आणि ते कोण आहेत हे उतारूंना सांगतो. सकाळी पफिनची फजिती पाहून हसलेली माणसे या वेळी छायाचित्रे घेण्यासाठीही फारशी धडपडत नाहीत. कल्ले पुन्हा पाण्याखाली जातात. ते परत कोठे वर येतील याची वाट पाहत बोट काही वेळ तशीच उभी राहते आणि मग बंदराचा रस्ता धरते.

श्रोतेहो, एका दिवसात पाहिलेल्या या प्राण्यांचे दोन वर्ग पडतात. पाणमांजर आणि हंपबॅक देवमासा यांच्याबाबतीत माणसाने वेळेवर हात आवरला, तेव्हा ते परत आले. त्यांच्यासाठी फार काही करावे लागले नाही. करीत होतो ते थांबवावे लागले. ऑर्कांच्या त्या कळपाबाबतीत पैसा, कायदा आणि विद्या ही तिन्ही पुढे उभी राहिली, तरी उशीर होऊन गेला होता. शंभर यार्डांवरून देवमासा पाहताना जवळ जाता आले नाही म्हणून हिरमुसणाऱ्या उतारूने हे ध्यानात ठेवावे. त्या अंतरातच देवमाशाच्या जगण्याची सोय आहे, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या उतारूच्या दर्शनाचीही.

असे अंतर राखण्याची पाळी आपल्याकडेही आली आहे. मालवण-तारकर्लीच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन अगदी जमिनीलगतच्या उथळ पाण्यात राहतो. त्याला पाहण्यासाठी हंगामात रोज होड्या निघतात आणि त्यांच्यावर कित्येक घरांची चूल पेटते. डॉल्फिन दिसताच चारी बाजूंनी त्याच्यावर होड्या घालाव्यात, की यंत्र मंद करून तो आपणहून वर येण्याची वाट पाहावी, याचा निर्णय त्या त्या होडीच्या सुकाणूवर बसलेल्या माणसाच्या हाती असतो. तो निर्णय त्याला सोपा जावा की अवघड, हे होडीत बसून "आणखी जवळ घ्या" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांवर अवलंबून आहे.